लपलेल्या माणसाची वही

रोजनिशी लिहीत जा, असे वडीलमाणसे मुलांना नेहमी सांगत असतात. वर्षाच्या आरंभी एखादे मामा किंवा काका जाड पुठ्ठ्याची कोरी वही भेट देतात आणि तिच्याबरोबर थोडा उपदेशही देतात. रोजनिशीने अक्षर वळणदार होते, भाषा सुधारते, वेळेचा हिशेब राहतो, दिवसभरात आपल्या हातून काय चुकले ते कळते. ही सारी कारणे खरी आहेत. पण ती ऐकून कोणा मुलाला लिहिण्याचा उत्साह आला असेल की नाही, याची मला शंका आहे. पहिले चार दिवस आपण ‘सकाळी उठलो, दात घासले, शाळेत गेलो’ असे नेमाने लिहितो. पाचव्या दिवशी पाहतो, तो कालच्याहून निराळे असे काही घडलेलेच नसते. मग ती वही फळीवर जाते, आणि पुढे केव्हातरी तिच्या कोऱ्या पानांवर किराणा मालाची यादी लिहिली जाते.

रोजनिशी कशासाठी लिहावी, हा प्रश्न खरे म्हणजे अशा माणसांना विचारला पाहिजे, की ज्यांच्या दिवसात लिहिण्याजोगे काहीच घडत नव्हते. युद्धाच्या धामधुमीत जीव वाचवण्यासाठी जी माणसे महिनोन्‌महिने एखाद्या माळ्यावर, तळघरात किंवा रानातल्या झोपडीत लपून राहिली, त्यांची गोष्ट मी सांगतो आहे. त्यांचा आजचा दिवस कालच्यासारखाच होता, आणि उद्याचा आजच्यासारखा जावा हीच त्यांची प्रार्थना होती. तरीही त्यांच्यापैकी काहींनी रोज लिहिले. त्यांनी लिहिले ते अक्षर सुधारण्यासाठी खासच नव्हे.

लपणे म्हणजे काय, हे तुम्हांला लपंडावावरून ठाऊक आहे. चांगली जागा मिळाली की लपलेल्या गड्याला केवढा आनंद होतो! पण तो आनंद फार वेळ टिकत नाही. ज्याच्यावर राज्य आहे तो दुसरीकडेच शोधत राहिला, कोणी आपल्याकडे फिरकलेच नाही, की आपल्याला चैन पडेनासे होते. मुद्दाम खाकरावे, एखादा खडा टाकावा असे वाटू लागते. सापडणे हाही त्या खेळाचाच एक भाग आहे. युद्धातल्या लपण्यात मात्र सापडणे म्हणजे बहुधा मरण. तेथे खाकरता येत नाही, हसता येत नाही, रडू आले तरी तोंडात पदर कोंबावा लागतो. भीती येते आणि ओसरते. शिपायांच्या बुटांचा आवाज दूर गेला की माणूस पुन्हा श्वास घेऊ लागतो. पण हा जो मुकेपणा, तो सकाळपासून रात्रीपर्यंत सोबत असतो. बोलता न येणारे माणूस हळूहळू स्वतःलाच परके वाटू लागते. लपलेल्या माणसाचे निम्मे दुःख हे आहे, आणि वही उपयोगी पडते ती याच दुःखावर.

याचे सर्व जगाला माहीत असलेले उदाहरण एका तेरा वर्षांच्या मुलीचे आहे. तिचे नाव ॲन फ्रँक. ती १२ जून १९२९ रोजी जर्मनीतील फ्रँकफुर्ट शहरात जन्मली. ज्यू लोकांचा छळ सुरू झाल्यावर तिचे कुटुंब हॉलंडमध्ये ॲमस्टरडॅम येथे येऊन राहिले. परंतु १९४० साली हिटलरच्या सैन्याने तो देशही जिंकला. ॲनच्या तेराव्या वाढदिवसाला तिला तांबड्यापांढऱ्या चौकड्यांची एक वही मिळाली. त्यानंतर महिना पुरा होण्याच्या आतच, ६ जुलै १९४२ रोजी, हे कुटुंब तिच्या वडिलांच्या पेढीच्या इमारतीत, मागच्या बाजूच्या खोल्यांत लपले. त्या खोल्यांच्या दारापुढे पुढे पुस्तकांचे एक फिरते कपाट बसवण्यात आले. आत दोन कुटुंबे आणि एक दंतवैद्य अशी आठ माणसे होती. पेढीतले तीनचार विश्वासू लोक त्यांना चोरून अन्न, पुस्तके आणि बातम्या आणून देत. खालच्या वखारीत कामगार येत, त्यामुळे दिवसा पायांत बूट घालायचे नाहीत, नळ सोडायचा नाही, खिडकीशी जायचे नाही, असे कडक नियम होते. हा क्रम दोन वर्षांहून अधिक काळ चालला. तेरा वर्षांच्या मुलीच्या दृष्टीने दोन वर्षे म्हणजे किती, हे तुम्हीच चांगले सांगू शकाल.

या मुलीने वहीत काय लिहिले? युद्धाच्या बातम्या आहेत, भीतीच्या रात्री आहेत. परंतु पुष्कळसा मजकूर अगदी साधा आहे. बटाटे सोलण्याचे कंटाळवाणे काम, रोज तेच ते जेवण, आईशी झालेले वितुष्ट, मोठ्या माणसांची क्षुल्लक भांडणे. लिहिण्याचे मेज दुपारी कोणी वापरायचे यावरून दंतवैद्यांशी तिचा झालेला तंटादेखील तिने नोंदवून ठेवला आहे. मला या तंट्याची नोंद फार मोलाची वाटते. बाहेर लाखो माणसे मरत असताना एक मुलगी लिहिण्याच्या मेजासाठी हट्ट धरते, हे काहींना पोरकट वाटेल. पण त्या घरात जी एकच जागा तिची स्वतःची होती, ती त्या मेजावर पसरलेल्या पानाएवढीच होती. तेवढ्या जागेसाठी ती भांडली, यात नवल ते काय?

ॲनने एक युक्ती केली. तिने आपल्या वहीला एक मैत्रीण मानले, तिला ‘किटी’ असे नाव दिले आणि रोजचा मजकूर तिला लिहिलेल्या पत्रांच्या रूपाने लिहिला. वरवर पाहता ही लहान मुलांची कल्पना आहे. भातुकलीतल्या बाहुलीशी बोलावे तशी. परंतु रोजनिशीचा सगळा दिलासा या एका युक्तीत साठवलेला आहे. आपण मनातल्या मनात घाबरतो, तेव्हा भीतीला आकार नसतो. ती धुक्यासारखी सगळीकडे पसरते. तीच भीती दुसऱ्या कोणाला सांगायची म्हटले की तिला वाक्यात बसवावे लागते. काय झाले, केव्हा झाले, प्रथम काय ऐकू आले, मग आपण काय केले, असा क्रम लावावा लागतो. क्रम लावता लावता धुके विरळ होते. संकट जागच्या जागीच असते. पण आता ते आपल्या समोर असते, आपल्या आत नसते. आणि ज्या घरात कुजबुजतच बोलायचे, तेथे कागदावर मोठ्याने बोलता येते. लेखणीचा आवाज खालच्या वखारीपर्यंत जात नाही.

मात्र येथे कोणी असा समज करून घेऊ नये, की वहीने त्या मुलीला वाचवले. ४ ऑगस्ट १९४४ रोजी पोलीस आले आणि आठही जणांना घेऊन गेले. पुढच्या वर्षीच्या आरंभी बेर्गन-बेल्सन येथील छावणीत ॲनचा अंत झाला. तेव्हा ती पंधरा वर्षांची होती. आठांपैकी केवळ तिचे वडील परत आले. वहीने दिला तो दिलासा होता. सुटका देणे वहीच्या हातात नव्हते. या दोन गोष्टींतला भेद विसरून पुष्कळ लोक ॲनच्या रोजनिशीविषयी फार गोड बोलतात, ते मला आवडत नाही.

आता आपण आपल्या देशाकडे येऊ. ॲन वहीत लिहू लागली त्याच उन्हाळ्यात, ८ ऑगस्ट १९४२ रोजी, मुंबईच्या गवालिया टँक मैदानावर ‘चले जाव’चा ठराव झाला आणि दुसऱ्या दिवशीच्या पहाटे पुढाऱ्यांची धरपकड झाली. त्यानंतर महाराष्ट्रातील कितीतरी माणसे भूमिगत झाली. एस. एम. जोशी यांनी दाढी वाढवून ‘इमाम अली’ हे नाव धारण केले. साने गुरुजीही मुंबईत लपून राहून काम करीत होते. भूमिगतांच्या तेथील एका बिऱ्हाडाला ‘मूषक महाल’ असे गमतीचे नाव होते. उंदराप्रमाणे बिळात राहायचे आणि त्याला महाल म्हणायचे, यात त्या माणसांची विनोदबुद्धी दिसते. साताऱ्याकडे नाना पाटील यांनी १९४६ पर्यंत पोलिसांना चकवले. ठाणे जिल्ह्यात माथेरानचे वकील विठ्ठल लक्ष्मण तथा भाई कोतवाल हे आपल्या साथीदारांसह सिद्धगडाच्या रानात राहिले. २ जानेवारी १९४३ च्या पहाटे पोलिसांनी तो तळ गाठला आणि त्या गोळीबारात भाई कोतवाल व हिराजी पाटील धारातीर्थी पडले.

या लोकांनाही रात्र मोठी वाटली असेल, घरची आठवण आली असेल, भीती वाटली असेल. मग त्यांनी ॲनसारखी वही का भरली नाही? याचे उत्तर महाभारतात आहे. पांडव अज्ञातवासाला निघाले, तेव्हा विराटनगरीत शिरण्यापूर्वी त्यांनी आपली शस्त्रे शमीच्या झाडावर बांधून ठेवली. गांडीव जवळ असते तर अर्जुन तत्काळ ओळखला गेला असता. भूमिगतांना अशीच आपली लेखणी शमीवर ठेवावी लागली. कारण वहीत नावे येतात. आज कोणाकडे जेवलो, कोणी निरोप आणला, उद्या कोठे जायचे, हे एका पानावर लिहिले आणि ते पान पोलिसांच्या हाती लागले, तर लिहिणारा एकटा जात नाही. त्याला भाकरी देणारे घरही जाते. ॲन आणि तिचे लोक एका जागी लपले होते. यांना रोज जागा बदलायची होती. अशा माणसाने मनातले मनातच ठेवणे हे आश्रय देणाऱ्याविषयीचे त्याचे कर्तव्य होते.

येथे एक विलक्षण गोष्ट दिसते. भूमिगत असताना ज्यांना एक ओळ लिहिणे शक्य नव्हते, ते पकडले गेले आणि मग लिहू लागले! ना. ग. गोरे यांचे ‘कारागृहाच्या भिंती’ हे पुस्तक त्या लढ्याच्या काळातील तुरुंगातली रोजनिशी आहे. सापडलेल्या माणसाला लपवण्याचे काही उरत नाही, म्हणून त्याची लेखणी मोकळी होते. कोठडीत अंगाला बंधन असते आणि मनाला थोडी मोकळीक असते. भूमिगताचे नेमके उलटे. पुण्याच्या आगाखान महालात गांधीजींना ठेवले होते, तेथे १९४३ साली कस्तुरबांच्या शुश्रूषेसाठी मनू गांधी ही किशोरवयीन मुलगी येऊन राहिली. तीही गुजराती भाषेत रोजनिशी लिहीत असे, आणि गांधीजी ती स्वतः पाहून खाली सही करीत. एक मुलगी ॲमस्टरडॅमला लिहीत होती, दुसरी पुण्याला. वर्ष तेच, युद्धही तेच. मनूची वही हा एक अभ्यास होता, एक व्रत होते, आणि त्याचे महत्त्व मी कमी मानत नाही. परंतु वडीलधारी व्यक्ती रोज वाचणार आहे हे ठाऊक असले, म्हणजे माणूस लिहिताना थोडा सावरून बसतो. ‘किटी’पुढे सावरून बसावे लागत नव्हते.

लपण्याचा आणि कागदाचा हा संबंध पालघर जिल्ह्यातील जव्हार आणि मोखाडा या तालुक्यांच्या डोंगराळ मुलखात गेले म्हणजे अधिकच विचार करायला लावतो. हे तालुके पूर्वी ठाणे जिल्ह्यात होते. १ ऑगस्ट २०१४ पासून पालघर हा स्वतंत्र जिल्हा झाला. जव्हार हे १९४८ पर्यंत एक लहानसे संस्थान होते. तेथील शेवटचे राजे यशवंतराव मुकणे यांनी दुसऱ्या महायुद्धात हवाई दलात अधिकारी म्हणून काम केले होते. राजा विमानदलात होता आणि डोंगरातल्या पाड्यांवर त्याच युद्धामुळे रॉकेल, कापड आणि धान्य मिळेनासे झाले होते. हा मुलूख खोल दऱ्यांचा आणि नागली-वरईच्या उतारावरल्या शेतांचा. पावसाळ्यात येथे इतका पाऊस कोसळतो की ओढ्यापलीकडचा पाडा कित्येकदा जगापासून तुटतो. या रानाने पूर्वीपासून लपणाऱ्याला आसरा दिला आहे.

महायुद्ध संपत आले तेव्हा, १९४५ साली, डहाणू-उंबरगाव भागात वारली शेतमजुरांचे आंदोलन सुरू झाले आणि पुढे ते आसपासच्या डोंगरी मुलखात पसरले. शामराव आणि गोदावरी परुळेकर हे त्याचे पुढारी. जमीनदाराकडून लग्नासाठी थोडे पैसे काढायचे आणि त्या कर्जापोटी नवराबायकोने त्याच्याकडे वर्षानुवर्षे राबायचे, अशी तेथे रीत होती. अशा माणसाला ‘लग्नगडी’ म्हणत. वेठबिगार बंद व्हावी, गवत कापण्याची मजुरी वाढावी, अशा त्या लोकांच्या मागण्या होत्या. ऑक्टोबर १९४५ मध्ये तलवाडा येथे जमलेल्या जमावावर गोळीबार झाला आणि पाच वारली मृत्युमुखी पडले. परुळेकरांवर जिल्हाबंदीचे हुकूम निघाले, आणि पुढील काही वर्षांत गोदावरीबाईंना अनेकदा भूमिगत राहावे लागले. पुण्यात शिकलेल्या, कायद्याची पदवी घेतलेल्या या बाई वारल्यांच्या कुडाच्या झोपड्यांत राहिल्या, त्यांची आंबील प्यायल्या, रात्री रानवाटांनी चालल्या. वारली त्यांना ‘गोदाराणी’ म्हणत. त्यांना लपवणाऱ्यांजवळ दाराला कडीदेखील नव्हती, मग पुस्तकांचे फिरते कपाट कोठून असणार? होते ते फक्त न बोलणे. अनोळखी माणसाने विचारले तर पाडाच्या पाडा मुका होई.

गोदावरीबाईंनी हे अनुभव लिहिले. पण कितीतरी वर्षांनंतर. ‘जेव्हा माणूस जागा होतो’ हे त्यांचे पुस्तक १९७० साली प्रसिद्ध झाले आणि त्याला १९७२ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. आठवणींच्या पुस्तकात घटना नीट लागलेल्या असतात, त्यांचा अर्थही लागलेला असतो. रोजनिशीत अर्थ लागलेला नसतो. उद्या काय होणार हे ॲनला ठाऊक नव्हते. आपल्याला ठाऊक असते, म्हणून तिची पाने वाचताना घशाशी येते. दोन्ही प्रकारची पुस्तके हवीत. पण ज्या रात्री भीती वाटते त्या रात्रीचा दिलासा वीस वर्षांनी लिहिलेल्या पुस्तकातून मिळत नाही, हेही खरे.

आणि त्या रात्री गोदाराणीला झोपडीत घेणाऱ्या वारली बाईचे काय? तिलाही भीती वाटलीच असेल. तिच्याजवळ वही नव्हती; अक्षरओळखही नव्हती. याहून महत्त्वाची गोष्ट अशी, की वही या वस्तूविषयी तिला आपुलकी वाटावी असे काही घडलेलेच नव्हते. तिने आयुष्यात पाहिलेली वही सावकाराची. लाल कापडात बांधलेली, दोऱ्याने गुंडाळलेली ती वही उघडली की त्यातून कर्जच बाहेर येई. किती दिले आणि किती फेडले, हे लिहिणारा एक आणि अंगठा उठवणारा दुसरा. लिहिलेले आपल्याला वाचता येत नाही, पण ते आपल्याला बांधून ठेवते, एवढाच त्या लोकांचा लेखनकलेशी परिचय. अशा माणसाला ‘लिही, म्हणजे मन हलके होईल’ असे सांगितले असते, तर त्याने आश्चर्याने आपल्याकडे पाहिले असते.

तरीपण मन हलके करण्याची गरज अक्षरे शिकलेल्यांनाच असते असे थोडेच आहे! वारल्यांच्या घरात लग्नाच्या वेळी सवाशिणी गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहितात. ते लोक चौक ‘काढतात’ असे न म्हणता ‘लिहितात’ असे म्हणतात, ही लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट आहे. डहाणू तालुक्यातील गंजाड येथील थोर चित्रकार जिव्या सोमा म्हसे यांच्याविषयी अशी हकीकत सांगतात, की लहानपणी आईचे छत्र गेल्यावर त्यांची वाचाच बसली, आणि कितीतरी काळ ते धुळीत बोटाने चित्रे काढूनच मनातले सांगत असत. पुढे त्यांची चित्रे देशोदेशी गेली, २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली, आणि २०१८ साली ते वारले. मला मात्र त्या धुळीतल्या चित्रांचे अगत्य वाटते. ती वाऱ्याने पुसली गेली, कोणी जपून ठेवली नाहीत. पण बोलता न येणाऱ्या मुलाला त्यांनी त्या त्या दिवशी जे द्यायचे ते दिले. ॲमस्टरडॅमच्या खोलीतील वही आणि डहाणूच्या अंगणातील धूळ, या दोन्हींनी एकच काम केले.

आता वहीच्या धोक्याकडे पुन्हा वळले पाहिजे, कारण ॲनची वहीदेखील निर्धोक नव्हती. तिच्यात अन्न आणून देणाऱ्यांची नावे होती. ॲनला पुढे या गोष्टीची जाणीव झाली असावी. मार्च १९४४ मध्ये लंडनहून डच मंत्र्याचे भाषण रेडिओवर झाले. युद्धकाळातील पत्रे आणि रोजनिश्या लोकांनी जपून ठेवाव्यात, असे त्यांनी सांगितले. ते ऐकून ॲन आपला मजकूर सुट्या कागदांवर पुन्हा लिहू लागली, आणि त्यातील माणसांना देण्यासाठी तिने दुसरी नावे योजून ठेवली. धरपकडीनंतर पोलीस निघून गेले, तेव्हा पेढीत काम करणाऱ्या मीप खीस आणि त्यांची सहकारीण यांना त्या खोल्यांत ही पाने जमिनीवर विखुरलेली सापडली. मीपबाईंनी ती गोळा केली आणि आपल्या मेजाच्या खणात ठेवली. त्यांनी त्यांतील एक ओळही वाचली नाही. मुलगी परत आली म्हणजे तिची वस्तू तिला द्यायची, एवढाच त्यांचा विचार होता. मुलगी परत आली नाही. १९४५ साली वडिलांना मुलीच्या मृत्यूची बातमी कळली, तेव्हा मीपबाईंनी तो गठ्ठा त्यांच्या हाती दिला. पुढे त्या म्हणत, की आपण ती पाने वाचली असती तर आपल्याला ती जाळावी लागली असती. मदत करणाऱ्या सर्वांची नावे त्यांत होती.

दुसऱ्याची वही न वाचण्याच्या एका साध्या सभ्यपणामुळे जगाला ते पुस्तक मिळाले. यावरून मला एक गोष्ट थोडी कठोरपणे सांगावीशी वाटते, आणि ती मोठ्या माणसांना उद्देशून आहे. काही घरांत मुलामुलींची रोजनिशी त्यांच्या पाठीमागे उघडून पाहिली जाते. काही शाळांत ती निबंधाच्या वहीबरोबर गोळा करतात आणि ऱ्हस्वदीर्घाच्या चुका लाल शाईने दुरुस्त करून परत देतात. हेतू चांगला असेलही; पण अशी वही पुन्हा कधी खरे बोलत नाही. ती निबंधाची वही होते. निबंधाची वही आवश्यक आहे, तिच्यात लाल शाईही आवश्यक आहे. परंतु मुलाजवळ लाल शाई न लागलेली अशी एक वही असू द्यावी.

हे मी विशेषतः जव्हार-मोखाड्याच्या आश्रमशाळांतील मुलांना मनात धरून लिहिले आहे. तेथे मुले लहानपणीच घर सोडून शाळेत राहायला येतात. जून महिन्यात पाऊस सुरू होतो, आईबाप आवणीच्या कामात असतात किंवा पुढे दिवाळीनंतर वीटभट्टीवर, नाहीतर दूर शहराकडे मजुरीला जातात, आणि रात्री पत्र्यावर पाऊस वाजत असताना शेजारी तीस मुले झोपलेली असूनही एखाद्याला एकटे वाटते. हे लपणे नव्हे, आणि युद्ध तर नव्हेच. पण ज्याला उठून कोणाशी बोलता येत नाही, त्याचा मुकेपणा थोडाबहुत ओळखीचाच आहे. त्याच्या पत्र्याच्या पेटीत कपड्यांखाली एक वही असावी. तीत शुद्ध मराठीच लिहिले पाहिजे असे नाही. वारली, कोकणा, ठाकूर, कातकरी, ज्या बोलीत आई हाक मारते त्या बोलीत लिहावे. आपल्याला वाचता आले म्हणजे झाले. शब्द सापडला नाही तर चौकटीत चित्र काढावे. रोज लिहिण्याचेही बंधन नको. आणि कोणी विश्वासाने काही सांगितले असेल, तर त्याचे नाव लिहू नये. ॲनप्रमाणे दुसरे नाव द्यावे.

अशा मुलाच्या पणजोबांनी सावकाराच्या वहीवर अंगठा उठवलेला असण्याचा पुष्कळ संभव आहे. त्या घरात स्वतःची म्हणता येईल अशी ही पहिली वही. वही महाग असण्याचे कारण नाही. ॲनची चौकड्यांची सुंदर वही काही महिन्यांतच भरली. त्यानंतर ती साध्या वह्यांत आणि कचेरीतून मिळालेल्या सुट्या कागदांवर लिहीत गेली. लपलेल्या दिवसांत तिने ज्या गोष्टी रचल्या, त्या तर तिने पेढीच्या जमाखर्चाच्या वहीत लिहून काढल्या. जमा आणि नावे यांच्यासाठी आखलेल्या उभ्या रेघा तशाच होत्या, आणि त्यांवरून तिचे अक्षर आडवे चालत गेले होते.